जन्मदर उतरला, मग पहिलटकरणीचं वय का चढलं नाही? (जळगाव, धुळे, नंदुरबार)

पांझरा
राम राम मंडळी.

१९७१ च्या सुमारास भारतात एका बाईला आयुष्यभरात सरासरी ५.२ मुलं होत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हा आकडा २.० वर आला, महाराष्ट्राचा तर १.७ वर. लोकसंख्या टिकायला २.१ लागतात, त्याच्याही आपण खाली गेलो.

जपानमध्ये जननदर उतरला तेव्हा पहिलटकरणीचं वयही वर सरकलं. १९७५ साली ते सरासरी २५.७ होतं, २०२३ मध्ये ३१ झालं. दक्षिण कोरियात आज ३३ आहे. आपल्याकडे मात्र त्याच पाहणीत २५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांचं पहिल्या बाळंतपणाचं मध्यक वय (निम्म्या जणी ज्या वयाच्या आत आई झाल्या ते) २१.२ निघालं. धुळे जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या दर दहा जणींपैकी चौघींचं लग्न अठराच्या आत झालेलं आहे.

माझे प्रश्न दोन. वय फारसं न वाढता जननदर एवढा खाली आला कसा? आणि आपल्या तालुक्यातल्या पहिलटकरणींचं सरासरी वय स्थानिक नोंदींवरून काढायचं असेल तर ते कसं काढायचं, गफलत कुठे होते?

केळीबाग
वाचतोय. शीर्षकात जन्मदर आणि मजकुरात जननदर आहे, ते एकच का?

आकडेमोड
@केळीबाग, एक नाहीत, आणि अर्धे वाद इथेच होतात. जन्मदर म्हणजे दर हजार लोकसंख्येमागे वर्षात झालेले जन्म. २०२० च्या नमुना नोंदणीत भारताचा १९.५ होता, महाराष्ट्राचा १५.०. गावात तरुण सुना जास्त असल्या की तो वाढतो, म्हातारी माणसं जास्त असली की घटतो. प्रत्येक घरात दोनच मुलं असली तरी तो असा हलतो.

एकूण जननदर वेगळ्या पद्धतीने निघतो. १५ ते ४९ वयाचे पाच-पाच वर्षांचे सात गट पाडायचे, प्रत्येक गटात दर हजार बायकांमागे वर्षात किती जन्म झाले ते काढायचं, सातही आकडे मिळवायचे, पाचने गुणायचे, हजाराने भागायचे. नुसतं उदाहरण म्हणून आकडे घेतो: ३५, १५०, ११०, ३५, १०, ३, १. बेरीज ३४४. गुणिले ५ म्हणजे १७२०, भागिले १००० म्हणजे १.७२.

आता पांझराताईंचा पहिला प्रश्न. बेरीज तीच ठेवून ती दोन तऱ्हांनी मिळू शकते. एका तऱ्हेत पहिले दोन गट मोठे असतात आणि तिशीनंतर जवळजवळ शून्य. दुसरीत पहिला गट रिकामा आणि २५ ते ३४ चे गट भरलेले. जपान-कोरिया दुसऱ्या तऱ्हेने खाली आले, सुरुवात उशिरा करून. आपण पहिल्या तऱ्हेने आलो, लवकर थांबून. विसाव्या-एकविसाव्या वर्षी पहिलं, तेविशीत दुसरं आणि पंचविशीच्या आसपास ऑपरेशन. त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी ४९.१ टक्के जणींची नसबंदी झालेली होती. पुरुषांची ०.४ टक्के. गोळ्या, तांबी, इंजेक्शन ही साधनं आपल्याकडे बाजूलाच राहिली.

म्हणून जननदर उतरला की मुली उशिरा आई होऊ लागल्या असं समजू नका. सुरुवातीचं वय आणि थांबण्याचं वय ही दोन वेगळी दारं आहेत. आपण मागचं दार लवकर लावलं, पुढचं उघडंच आहे.

कळण्याची_भाकर
पुढचं दार, मागचं दार. आता हे डोक्यातून जायचं नाही.

सातपुडा_पायथा
आकडेमोडदादांशी सहमत, पण अर्ध्या खान्देशापुरता. "खान्देश" म्हणून एकच सरासरी काढली की ती कोणाचीच नसते. नंदुरबार १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. त्याआधीच्या धुळे जिल्ह्याच्या आकड्यात धडगाव-अक्कलकुवा हे आदिवासी तालुके मिसळलेले आहेत. १९९१ चं धुळे आणि २०११ चं धुळे शेजारी ठेवून कोणी उतार दाखवला, तर त्यातला काही भाग नुसत्या हद्दबदलाचा असतो.

२०११ च्या जनगणनेत नंदुरबारची लोकसंख्या १६.४८ लाख होती, त्यात सुमारे ६९ टक्के आदिवासी. साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास, राज्यात सगळ्यात कमी. वरच्या पाड्यांवर थांबणंसुद्धा उशिरा होतं. ऑपरेशनसाठी तोरणमाळ-मोलगीकडून खाली यायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, सोबतीला माणूस लागतं, लहान पोर कोणाकडे ठेवायचं हा प्रश्न असतो. आणि लेकरं जगतील याची खात्री नसते तिथे दोनवर कोणी थांबत नाही. कुपोषण आणि बालमृत्यू आधी, जननदर नंतर. हा क्रम उलटा करून चालत नाही.

जिल्ह्याच्या पत्रकात जननदर छापलेलाच नसतो, हेही लक्षात घ्या. कुटुंब आरोग्य पाहणीत तो राज्यापर्यंतच मिळतो. जिल्ह्यासाठी दोन ओळी कामाच्या: १५ ते १९ वयात आई झालेल्या किंवा गरोदर असलेल्या मुलींची टक्केवारी, आणि गेल्या पाच वर्षांतल्या जन्मांत तिसरं किंवा त्यापुढचं मूल किती टक्के. पहिली ओळ पुढच्या दाराची, दुसरी मागच्या दाराची. दोन्ही एकत्र वाचल्या की जिल्हा कुठे उभा आहे ते समजतं.

गिरणाकाठ
राज्याची पहिली ओळ देतो. १५ ते १९ मध्ये आई झालेल्या किंवा गरोदर: २०१५-१६ ला महाराष्ट्र ८.३ टक्के, २०१९-२१ ला ७.६. त्याच काळात देश ७.९ वरून ६.८ वर आला. म्हणजे जननदरात महाराष्ट्र देशाच्या खूप पुढे आणि कोवळ्या आयांच्या बाबतीत मागे. हे मला फार लागतं.

दप्तर_नोंद
दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. ग्रामपंचायतीत जाऊन जन्म नोंदवही मागितली की काम झालं असं वाटतं. पण त्या वहीत आईचं वय नसतं.

जन्माच्या नमुना क्रमांक १ चे दोन भाग असतात. कायदेशीर भागात जन्मतारीख, लिंग, आईबापांची नावं, ठिकाण, पत्ता. हा भाग निबंधकाकडे, म्हणजे गावात ग्रामसेवकाकडे राहतो. सांख्यिकीय भागात आईचं शिक्षण, लग्नाच्या वेळचं वय, या बाळंतपणाच्या वेळचं वय, या मुलासह एकूण जिवंत जन्मलेली मुलं, बाळाचं वजन, बाळंतपण कसं झालं ही माहिती असते. तो भाग दर महिन्याला सुटा करून वर जातो. त्यामुळे पहिलटकरणीचं वय हवं असेल तर जिल्हा पातळीवर विचारा, आणि नावांशिवाय नुसते रकाने मागा. नावं नको म्हटलं की पुढची बोलणी सोपी होतात.

"या मुलासह एकूण जिवंत जन्मलेली मुलं" या रकान्यात १ असेल ती पहिलटकरीण. इथल्या नेहमीच्या चुका:

काही ठिकाणी "या मुलासह" हे शब्द वाचलेच जात नाहीत आणि पहिल्या मुलाला ० लिहितात. तालुक्याच्या यादीत बरीच शून्यं दिसली की तिथले १ म्हणजे खरं तर दुसरी मुलं आहेत असं समजा, आणि त्या नोंदणी केंद्राची पूर्ण यादी वेगळी काढा.

जन्मलेली ऐवजी हयात मुलं लिहितात. पहिलं मूल गेलं असेल तर दुसऱ्या वेळी ती बाई पुन्हा पहिलटकरीण ठरते आणि सरासरी वय फुगतं. बालमृत्यू जास्त असलेल्या भागात हे जास्त होतं.

जुळ्यांचे दोन अर्ज, पण आई एकच मोजायची. मृत जन्माचा नमुना ३ वेगळा असतो, तो यात येत नाही.

वय पूर्ण झालेल्या वर्षांत लिहिलेलं असतं. २० म्हणजे वीस ते एकवीसच्या मधलं काहीही. म्हणून सरासरी काढल्यावर तिच्यात ०.५ मिळवा. हे विसरून आपला तालुका दुसऱ्या तालुक्यापेक्षा अर्ध्या वर्षाने तरुण ठरवल्याचे तक्ते निघतात.

भुसावळ_जंक्शन
दप्तरदादा, सगळ्यात मोठी गफलत राहिली. पहिलं बाळंतपण माहेरी! सातव्या महिन्यात लेक माहेरी येते, जन्माची नोंद होते ती जिथे बाळंतपण झालं तिथे. म्हणजे गावाच्या यादीतल्या पहिलटकरणी या गावच्या लेकी, आणि दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणाच्या बायका या गावच्या सुना. एकाच यादीत दोन वेगळी गावं.

त्यात आता बहुतेक बाळंतपणं दवाखान्यात होतात, म्हणून जळगाव, धुळे, भुसावळ शहरांचे आकडे फुगतात आणि आसपासच्या गावांचे रोडावतात.

दप्तर_नोंद
बरोबर, ते पहिल्यांदाच सांगायला हवं होतं. उपाय त्याच अर्जात आहे. आईच्या नेहमीच्या राहण्याचं गाव हा रकाना सांख्यिकीय भागात असतो. त्यावरून पुन्हा वाटणी करायची. फक्त तिथे माहेरचं गाव लिहिलं की सासरचं, हे अर्ज भरणारा कोण यावर ठरतं. बाळाच्या मामाने भरला तर बहुतेक वेळा माहेरच.

सातपुडा_पायथा
आणि ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या कुटुंबांचं काय? दिवाळीनंतर जातात, उन्हाळ्यात परततात. त्या काळात जन्मलेलं मूल तिथल्या नोंदणीत जातं, किंवा कुठेच जात नाही. सीमेवरच्या पाड्यांतल्या काही बायका मध्य प्रदेशातल्या जवळच्या दवाखान्यात जातात. नंदुरबारच्या नोंदणीवरून जन्मदर उतरला म्हणण्याआधी हे सुटलेले जन्म तपासायला हवेत.

निळी_साडी
उपकेंद्राच्या बाजूने लिहिते. आरसीएच रजिस्टर (गरोदर बायका आणि बाळांची उपकेंद्रातली आरोग्य नोंदवही) हे नोंदणी अर्जापेक्षा चांगलं साधन आहे, कारण त्यात बाई राहत्या गावात, बारा आठवड्यांच्या आत नोंदवली जाते. त्या वेळी ती सासरीच असते. भुसावळ_जंक्शन यांची माहेरची अडचण तिथे बरीच कमी होते.

पण तीन गोष्टी सांभाळा.

फक्त ग्रॅव्हिडा १ असलेलीच पहिलटकरीण असं धरू नका. ग्रॅव्हिडा म्हणजे कितवं गरोदरपण, पॅरा म्हणजे किती बाळंतपणं. एक गर्भपात झालेली बाई ग्रॅव्हिडा २, पॅरा ० असते आणि तरीही ती पहिलटकरीणच. म्हणून पॅरा ० पाहा.

वय नोंदणीच्या दिवशीचं असतं, बाळंतपणाच्या दिवशीचं नाही. तिसऱ्या महिन्यात नोंद झाली असेल तर साधारण सहा महिने मिळवावे लागतात. हे दप्तरदादांच्या ०.५ शिवाय वेगळे. आणि नोंद झालेलं प्रत्येक गरोदरपण जिवंत जन्मापर्यंत जातं असं नाही, म्हणून शेवटचा निष्पत्तीचा रकाना भरलेल्याच ओळी घ्या.

तिसरी गोष्ट बोलायला कठीण आहे, पण बोलायलाच हवी. वय खोटं सांगितलं जातं. अठराच्या आतली गरोदर मुलगी आली की पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. घरच्यांना ते ठाऊक असतं, म्हणून सोळा-सतराची मुलगी कागदावर एकोणीसची होते. तक्त्यात १६, १७ जवळजवळ रिकामे आणि १९ वर एकदम ढीग दिसला, तर तो ढीग खरा नाही. हे आकडे सुधारण्याच्या नादात त्या मुलीवर वय कबूल करायचा दबाव मात्र कोणी आणू नये. भीतीने ती तपासणीलाच येणार नाही. तिचं हिमोग्लोबिन आणि रक्तदाब आपल्या सरासरीपेक्षा महत्त्वाचे आहेत.

आकडेमोड
निळीताई, फार महत्त्वाचं सांगितलंत. ढीग ओळखायची साधी पद्धत आहे: वयांचा एकेक वर्षाचा तक्ता मांडा. खऱ्या वयांचा चढ-उतार गुळगुळीत असतो. १८, १९, २०, २५ वर उंचवटे आणि शेजारी खड्डे दिसले की वय अंदाजाने सांगितलंय किंवा ठरवून. अशा ठिकाणी सरासरीऐवजी "वीस पूर्ण होण्याआधी आई झालेल्या किती टक्के" हे सांगा. १७ ची १९ केली तरी ती विसाच्या आतच राहते.

आणि एका वर्षाच्या आकड्यावर भरवसा नको. ३,००० वस्तीच्या गावात, जन्मदर १५ धरला, तर वर्षाला ४५ जन्म. त्यातल्या पहिलटकरणी समजा वीस. वयाचं प्रमाण विचलन (वयं सरासरीभोवती किती पसरली आहेत ते) साडेतीन वर्षांचं धरलं, तर वीस जणींच्या सरासरीची प्रमाण चूक (ती नुसत्या योगायोगाने किती हलू शकते ते) ३.५ भागिले २० चं वर्गमूळ, म्हणजे जवळपास ०.८ वर्ष. सरासरी २१ वरून २२ झाली म्हणून आनंद करायला ही जागा नाही. पाच वर्षं एकत्र करा, शंभर जणी होतील, चूक ०.३५ वर येईल.

केळीबाग
वेगळा मुद्दा. २.१ हा आकडा सगळे देवासारखा वापरतात. जळगावला तो लागू नाही.

२.१ कुठून आला? दर १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात. एका बाईमागे एक मुलगी यायची तर एकूण २.०५ मुलं हवीत. आई होण्याच्या वयापर्यंत काही मुली दगावतात, ते धरून २.१. पण २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात ० ते ६ वयाच्या हजार मुलग्यांमागे फक्त ८४२ मुली होत्या. मोठ्या मानाने हेच प्रमाण धरलं, तर एका मुलीमागे १.१९ मुलगे, म्हणजे २.१९, आणि मृत्यू धरून त्याहून वर.

कळण्याची_भाकर
@केळीबाग, याचा धाग्याच्या विषयाशी सरळ संबंध आहे. पहिली आंडेर (मुलगी), दुसरीही आंडेर, तर मागचं दार लागत नाही. आंडोर (मुलगा) झाला की लगेच लागतं. म्हणून तिसऱ्या मुलांच्या यादीत आधीच्या दोन मुली किती घरांत आहेत ते बघा, तिथे उत्तर मिळतं.

गिरणाकाठ
आणि याच कमी मुलींमुळे पुढचं दारही उघडं राहतं असं माझं मत. शेती करणाऱ्या मुलाला स्थळ मिळत नाही, तिशी उलटते, मग वयाने फार लहान मुलगी शोधली जाते.

भुसावळ_जंक्शन
@गिरणाकाठ, इथे असहमत. मुली कमी असल्या की मुलीच्या बापाला घाई करायचं कारण उरत नाही, स्थळं चालून येतात. घाई होते ती शाळा सुटल्यामुळे. एसटीचा मोफत पास बारावीपर्यंत, गावात कॉलेज नाही, आईबाप कापूस वेचायला, मुलगी दिवसभर घरी एकटी. "जबाबदारी नको" हे वाक्य तिथून येतं. बारावीनंतर पुढे शिकणाऱ्या आणि घरी राहिलेल्या मुलींच्या लग्नाचं वय वेगवेगळं मांडा, फरक दिसेल.

गिरणाकाठ
शाळेचा मुद्दा मान्य. पण पहिला मुद्दा सोडत नाही. लग्नाच्या वेळी नवऱ्या-नवरीच्या वयातलं अंतर मांडलं तर आपल्यापैकी कोण बरोबर ते कळेल.

पांझरा
दोघांचेही रकाने घेते.

आखाजीचा_झोका
थोडं अवांतर. जपानमध्ये १९६६ साली जननदर एकदम १.५८ वर आला आणि पुढच्याच वर्षी २.२३ झाला. कारण ते "आगीच्या घोड्याचं" वर्ष. त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याला जड जाते अशी समजूत, म्हणून लोकांनी मूल पुढे-मागे केलं. साठ वर्षांचं चक्र, १९६६ नंतरचं असं वर्ष २०२६.

आपल्याकडे मूल नाही, पण लग्न असं सरकतं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लग्नं लागतात, अधिक महिन्यात थांबतात. २०२६ चा अधिक ज्येष्ठ ऐन लग्नसराईत. सिंहस्थात लग्न टाळणारी घरंही आहेत. लग्न सरकलं की वर्षभराने पहिल्या बाळंतपणांची संख्या सरकते. तेव्हा एखाद्या वर्षी पहिलटकरणी कमी दिसल्या तर आधी पंचांग उघडा.

आकडेमोड
हे अवांतर मुळीच नाही. हेच सरकणं मोठ्या प्रमाणावर, वर्षानुवर्षं चाललं की त्याला टेम्पो परिणाम म्हणतात. बोंगार्ट्स आणि फीनी या लोकसंख्याशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये सूत्र दिलं: जननदराला (१ वजा वयातली वार्षिक वाढ) याने भागायचं. सरासरी वय दरवर्षी ०.१ वर्षाने वाढत असेल आणि जननदर १.७ असेल, तर १.७ भागिले ०.९ म्हणजे १.८९. हिशेब खरं तर पहिलं मूल, दुसरं मूल असा वेगवेगळा करायचा असतो, पण कल्पना ही. मुलं कमी झालेली नाहीत, पुढे ढकलली गेलीत.

आता मूळ प्रश्न पुन्हा घ्या. आपण लवकर थांबून खाली आलो, तेव्हा हा परिणाम आपल्या आकड्यात फारसा मुरलेला नाही. पण पुढच्या दहा-पंधरा वर्षांत मुली खरंच पंचविशीत आई होऊ लागल्या, तर त्या काळात जननदर आणखी खाली गेलेला दिसेल, कदाचित भीती वाटण्याइतका. त्यातला मोठा भाग मुली शिकल्याचा असेल. तेव्हा "जन्मदर कोसळला, लवकर लग्नं करा" अशी ओरड झाली तर उत्तर द्यायला आजचा तक्ता हाताशी हवा. म्हणून पांझराताईंचं काम मला मोलाचं वाटतं.

निळी_साडी
पुढचं दार लावायची साधनं गावात आहेत, तीही सांगते. लग्न झालं म्हणजे वर्षात पाळणा हललाच पाहिजे असं नाही. छाया या गर्भनिरोधक गोळीत हार्मोन नाहीत. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा ठरलेल्या वारी, नंतर आठवड्यातून एकदा. वार चुकतात म्हणून अडचण येते, कॅलेंडरवर खूण करून द्या. अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन दर तीन महिन्यांनी. ठरलेल्या तारखेनंतर चार आठवड्यांपर्यंत देता येतं. पाळी अनियमित होते किंवा थांबते, ते आधी सांगितलं नाही तर बाई घाबरून दुसरा डोस सोडते. पहिल्या बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत तांबी बसवता येते. दोन मुलांतलं अंतर त्याने सांभाळलं जातं.

हे सगळं सुनेला सांगून भागत नाही. सासूला आणि नवऱ्याला समोर बसवून सांगावं लागतं.

पांझरा
सगळ्यांचे मनापासून आभार. तक्ता असा करते: आईचं वय (पूर्ण वर्षं), वय नोंदणीचं की बाळंतपणाचं, पॅरा, आधीच्या मुलांत मुली किती, लग्नाचं वय, नवऱ्याचं वय, शिक्षण, बाळंतपणाचं गाव, राहतं गाव. नावं नाहीत. पाच वर्षं एकत्र. काही राहिलं का?

दप्तर_नोंद
अर्ज कोणी भरला तेही घ्या. आरसीएच रजिस्टर आणि नोंदणी अर्ज यांचे तक्ते एकमेकांत मिसळू नका, शेजारी ठेवा. नाव नसेल तर दोन्हीकडची एकच बाई दोनदा मोजली जाईल.

सातपुडा_पायथा
नंदुरबारचे सहा तालुके तरी वेगळे ठेवा, ताई. धडगाव आणि शहादा एका सरासरीत घालू नका.

पांझरा
वेगळेच ठेवते. धडगावपासून सुरुवात.